गेम लॅग मारतोय की अडखळतोय? ऑनलाइन स्पोर्ट्स गेमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामन्याची शेवटची पाच मिनिटं, गोलफलक बरोबरीत. तुम्ही मोकळी जागा हेरून पासचं बटण दाबता, पण चेंडू पायातच राहतो. समोरचा बचावपटू येऊन चेंडू काढून घेतो आणि त्यानंतर तुमचा खेळाडू रिकाम्या हवेत पाय फिरवतो. असं दोन-चार वेळा झालं की बहुतेक जण एकच क्रम धरतात: ग्राफिक्स कमी करायचे, राउटर बंद-चालू करायचा, तरी जमलं नाही तर अख्खा गेम उडवून पुन्हा डाउनलोड करायचा. त्रास मात्र जागच्या जागी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते. म्हणून खालच्या उत्तरांत मी एकच गोष्ट धरून ठेवली आहे: आधी दुखणं कुठे आहे ते मोजून ठरवायचं, मग एका वेळी एकच बदल करायचा.

लॅग आणि स्टटर एकच ना?

नाही. आपण बोलताना सगळ्यालाच लॅग म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. प्रत्यक्षात ही तीन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं नेटवर्कचं. चित्र गुळगुळीत चालतं, कॅमेरा छान फिरतो, पण खेळ चुकतो. खेळाडू एका जागेवरून गायब होऊन दुसरीकडे उगवतात, चेंडू पायातून आरपार जातो, गोल झालेला असतो आणि क्षणभरात तो नसतो. खरा लॅग हा.

दुसरं चित्राचं, म्हणजे स्टटर. कॅमेरा मैदानावरून सरकताना दचके बसतात, चित्र क्षणभर थिजतं आणि उडी मारून पुढे जातं. याचा इंटरनेटशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो. पीसी, कन्सोल किंवा फोन पुढची फ्रेम, म्हणजे पुढचं चित्र, वेळेवर तयार करू शकत नाही, एवढंच.

तिसरं इनपुटचं. चित्रही नीट, खेळही नीट, पण प्रत्येक बटण जड वाटतं, जणू खेळाडू पाण्यात धावतोय. हा उशीर कायम सारखाच असतो. दोष बहुधा टीव्हीच्या सेटिंगमध्ये, कंट्रोलरच्या जोडणीत किंवा व्ही-सिंकमध्ये (फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाशी जुळवणारं सेटिंग) सापडतो.

माझं दुखणं यातलं कुठलं, हे कसं ओळखू?

ऑफलाइन सामना खेळा. कॉम्प्युटरच्या संघाविरुद्ध, शक्यतो त्याच स्टेडियममध्ये, त्याच हवामानात, पंधरा-वीस मिनिटं. तिथेही दचके बसले तर इंटरनेटला दोष देणं थांबवा आणि थेट खाली चित्राच्या प्रश्नांकडे जा. ऑफलाइन लोण्यासारखं चाललं आणि ऑनलाइन बिघडलं तर नेटवर्ककडे बघा. ऑफलाइनसुद्धा बटणं जडच वाटली तर टीव्हीकडे. या एका चाचणीत निम्मं काम होतं आणि तिला पैसा लागत नाही, तरी लोक ती करत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक फसवी जागा मात्र लक्षात ठेवा. काही खेळांत दोन्ही बाजूंच्या चाली पोचल्याशिवाय सामना पुढे सरकत नाही. पॅकेट, म्हणजे नेटवरून जाणारं माहितीचं छोटं पुडकं, अडकलं की सगळे खेळाडू जागच्या जागी गोठतात आणि ते हुबेहूब स्टटरसारखं दिसतं. अशा वेळी कोपऱ्यातला फ्रेम काउंटर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम तयार झाल्या तो आकडा, बघा. खेळाडू गोठलेले असताना काउंटर ६० वर ठाम असेल तर चित्र वेळेवर तयार होतंय, बातमी मात्र आलेली नाही. म्हणजे नेटवर्क.

पिंग किती असला म्हणजे चांगला?

पिंग म्हणजे तुमच्याकडून निघालेलं पॅकेट सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागलेला वेळ, मिलिसेकंदांत. साधारण ४० च्या आत असेल तर तक्रारीला जागा नाही. ४० ते ८० मध्ये नीट खेळता येतं. १०० च्या पुढे पेनल्टी, फ्री थ्रो, टॅकल अशा अचूक वेळेच्या गोष्टी हातातून सुटू लागतात. ६० फ्रेमच्या खेळात एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे ३० आणि ४५ यांतला फरक एका फ्रेमइतकाच आहे. त्यासाठी झोप उडवून घेऊ नका.

अंतरापुढे कोणाचंच चालत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे सर्व्हर १००० किलोमीटरवर असेल तर जाऊन येण्यातच किमान १० मिलिसेकंद गेले, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. ५००० किलोमीटरवरच्या सर्व्हरवर २० चा पिंग कुठलाही राउटर किंवा प्लॅन देऊ शकणार नाही. म्हणून गेममध्ये सर्व्हरचा प्रदेश निवडता येत असेल तर तो सगळ्यात आधी तपासा. दुसऱ्या देशातल्या मित्रासोबत पार्टी केल्यावर प्रदेश आपोआप बदललेला असतो आणि नंतर तो तसाच राहून जातो, असंही होतं.

पण माझ्या मते पिंगच्या आकड्यापेक्षा त्याची चंचलता जास्त छळते. त्याला जिटर म्हणतात. पिंग कायम ७० असेल तर दोन सामन्यांत हाताला त्याची सवय होते. शॉट मीटर कुठे सोडायचा हे बोटं शिकून घेतात. तोच पिंग ३० वरून १५० वर आणि पुन्हा ३० वर नाचत असेल तर सवय कशाची लावणार? सरासरी काढली तर दुसरा आकडा चांगला दिसेल, खेळताना मात्र पहिलाच बरा.

स्पीड टेस्टला २०० मेगाबिट येतात, तरी लॅग का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून इथे जरा थांबू.

ऑनलाइन सामन्याला डेटा फारच थोडा लागतो. कोणाची चाल काय, चेंडू कुठे, एवढीच माहिती ये-जा करते आणि त्यासाठी बहुतेक खेळांना सेकंदाला १ मेगाबिटही पुरा लागत नाही. त्यामुळे १०० चा प्लॅन सोडून ३०० चा घेतल्याने लॅग जात नाही. जो त्रास होतो तो रांगेचा.

घरातलं कोणीतरी मोठा व्हिडिओ अपलोड करायला घेतं. लाइनवरून जाईल त्यापेक्षा जास्त डेटा राउटरकडे येतो आणि राउटर तो फेकून न देता साठवत बसतो. तुमच्या पासची इवलीशी पॅकेटं त्या साठ्याच्या मागे उभी राहतात. हिशोब करून बघा: अपलोड १० मेगाबिटचं आहे आणि रांगेत १ मेगाबाइट, म्हणजे ८ मेगाबिट साचले. ती रांग संपायला ०.८ सेकंद लागतील. तुमचा पिंग बसल्या जागी ८०० मिलिसेकंदांनी वाढला. स्पीड टेस्ट मात्र झकास, कारण वेग कमी झालेलाच नाही.

२०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी या दुखण्याला ‘बफरब्लोट’ हे नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे यापेक्षा पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे हे ती बघते, आणि वेळ फार झाला की पॅकेट टाकून देते, म्हणजे पाठवणारा आपसूक हात आखडता घेतो. आज अनेक राउटरमध्ये हीच पद्धत किंवा तिच्यावर उभ्या असलेल्या ‘एफक्यू-कोडेल’ आणि ‘केक’ या पद्धती मिळतात. सेटिंगमध्ये त्यांचं नाव बहुधा ‘स्मार्ट क्यू’ किंवा ‘एसक्यूएम’ असतं.

माझ्या घरी रोज रात्री ठरावीक वेळी सामना बिघडायचा. सर्व्हरवर गर्दी होत असेल असं मी महिनाभर धरून चाललो होतो. एके दिवशी सामन्याच्या शेजारी पिंगची खिडकी उघडी ठेवली (ती कशी उघडायची ते पुढच्या प्रश्नात). आकडे येत होते १८, १९, १८, २१, १९. आणि मग एकदम २४०, ४१०, ३९५. त्याच मिनिटाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला फोन चार्जिंगला लावला गेला होता. चार्जर लागला की फोटोंचा बॅकअप सुरू व्हायचा आणि दिवसभराचे व्हिडिओ वर जाऊ लागायचे. चार्जर काढला, आकडे २० वर. लावला, पुन्हा ४००. बॅकअपची वेळ पहाटेची केली आणि एक पैसा न घालता तो त्रास कायमचा गेला.

तुमच्याकडे असंच आहे का, हे बघायला पिंग चालू ठेवा आणि मुद्दाम एखादी मोठी फाइल अपलोड करा. पिंग ५-१० ने वाढला तर ठीक. शेकड्यांत गेला तर रांगेचंच दुखणं. उपाय दोन: अपलोड करणाऱ्या गोष्टींची वेळ बदला, किंवा राउटरमध्ये एसक्यूएम चालू करून वेगाची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. थोडा वेग जातो, पण रांग तुमच्या ताब्यात राहते. आणि विंडोज पीसी असेल तर ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ हे सेटिंग बघा. ते चालू असलं तर तुमचा पीसी इतरांच्या पीसींना अपडेटचे तुकडे पाठवत असू शकतो.

पिंग मोजायचा कसा? गेममधला आकडा पुरेसा नाही का?

गेममधला आकडा सर्व्हरपर्यंतचा एकूण वेळ सांगतो. वाटेत बिघडलं कुठे ते सांगत नाही. म्हणून दोन खिडक्या उघडा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंगची कमांड द्या आणि ती थांबू नये म्हणून शेवटी ‘उणे टी’ जोडा. एका खिडकीत तुमच्या राउटरचा पत्ता (बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), दुसऱ्या खिडकीत बाहेरचा एखादा भरवशाचा पत्ता, उदाहरणार्थ ८.८.८.८ किंवा १.१.१.१. आता सामना खेळा आणि खटकलं की लगेच खिडक्यांकडे बघा.

राउटरच्याच खिडकीत आकडे उसळले तर बिघाड घरात आहे: वाय-फाय किंवा केबल. केबलवर हा आकडा १ च्या आत असतो, चांगल्या वाय-फायवर २ ते ५ च्या आसपास. राउटरची खिडकी शांत आणि बाहेरची उसळली तर बिघाड राउटरच्या पलीकडे आहे, किंवा वर सांगितलेली रांग. दोन्ही शांत, तरी खेळ बिघडला, तर गेमचा सर्व्हर, त्याच्याकडे जाणारा मार्ग किंवा समोरचा खेळाडू.

ट्रेसराउट, म्हणजे पॅकेटच्या वाटेतला प्रत्येक टप्पा दाखवणारी कमांड, चालवणाऱ्यांसाठी एक सूचना. मधल्या एखाद्या टप्प्यावर ४० टक्के पॅकेट हरवलेली दिसतात आणि लोक ‘हाच चोर’ म्हणून बोट दाखवतात. मधले राउटर अशा चौकशीच्या पॅकेटांना मुद्दाम कमी महत्त्व देतात. त्या टप्प्याच्या पुढच्या सगळ्या टप्प्यांवर आणि शेवटच्या टप्प्यावरही तितकंच नुकसान दिसलं, तरच ते खरं माना.

वाय-फायवर खेळलं तर चालतं का?

चालतं, पण केबल ती केबल. वाय-फायची हवा सगळ्यांच्या मालकीची असते आणि एका चॅनलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. बाकीचे थांबतात आणि त्यांच्या थांबण्याचाच जिटर होतो.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा टाळा. तिथे एकमेकांवर न येणारी चॅनलं मुळात तीनच: १, ६ आणि ११. शेजारच्या सगळ्यांचे राउटर त्याच तिघांत कोंबलेले असतात. ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालतं आणि मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतो, त्यामुळे स्वयंपाकघरात काही गरम व्हायला लागलं की बाहेरच्या खोलीतला सामना बिघडतो, ही तक्रार अगदी खरी असते. ५ गिगाहर्ट्झवर जागा बरीच जास्त आहे. भिंतीतून तो पट्टा कमी पोचतो, म्हणून राउटर आणि कन्सोल शक्यतो एकाच खोलीत हवेत.

ठरावीक अंतराने, दर मिनिटाला किंवा काही मिनिटांनी, एकच उसळी येत असेल तर उपकरण पार्श्वभूमीवर आसपासची नेटवर्क शोधत असण्याची शक्यता मोठी. मॅकवर एअरड्रॉपसारख्या सोयींमुळेही वाय-फाय अधूनमधून चॅनल सोडून जातं. सामन्यापुरत्या त्या बंद करून बघा.

केबल लावलीत म्हणजे मात्र डोळे मिटून बसू नका. एका मित्राकडे केबल असूनही खेळाडू गायब व्हायचे. नेटवर्कच्या माहितीत लिंकचा वेग बघितला तर १००० च्या जागी १०० मेगाबिट. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. म्हणजे एखादी तार तुटलेली होती. केबल हाताने चाचपत गेलो तर खुर्चीच्या चाकाखाली ती पापडासारखी चपटी झालेली सापडली. चुरशीच्या क्षणी तो खुर्ची पुढे ओढायचा आणि नेमकी तेव्हाच पॅकेटं हरवायची. नवी कॅट ५ई केबल लावली आणि दोन्ही गोष्टी सुधारल्या. वीजवाहिनीतून नेट नेणारे अडॅप्टर कामचलाऊ असतात; घरातलं वायरिंग आणि चालू असलेली उपकरणं यांवर त्यांचं वागणं ठरतं, त्यामुळे मोजल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नका.

समोरच्या खेळाडूचं नेट खराब असेल तर मला त्रास होतो का?

खेळाची घडण कशी आहे त्यावर आहे. दोन्ही बाजूंच्या चाली एकत्र आल्याशिवाय सामना पुढे न सरकणाऱ्या घडणीत समोरच्याचा उशीर तुमचाही होतो. गेम तुमच्या बटणांनाही तेवढंच थांबवून ठेवतो, म्हणजे दोघांना सारखंच दिसावं. तुमचा पिंग २० दाखवतो आणि खेळाडू तरी जड वाटतो, तो इथे.

दुसऱ्या घडणीत तुमचं मशीन थांबत नाही, पुढे काय होईल याचा अंदाज बांधून दाखवतं, आणि सर्व्हरकडून खरी बातमी आली की चूक दुरुस्त करतं. २०१५ साली आलेला ‘रॉकेट लीग’ हा गाड्यांचा फुटबॉल असाच चालतो. त्यात भौतिकशास्त्राचा हिशोब सेकंदाला १२० वेळा होतो आणि तुमचं मशीन तुमच्या गाडीबरोबर चेंडू आणि इतर गाड्यांचाही अंदाज बांधतं. म्हणून तिथे बटणं हलकी वाटतात, पण दोन गाड्या एकाच वेळी चेंडूवर आदळल्या की चेंडू अचानक दुसरीकडेच गेलेला दिसतो. तो स्टटर नाही, चुकलेल्या अंदाजाची दुरुस्ती आहे. ग्राफिक्स कमी करून ती थांबणार नाही.

‘नॅट टाइप’ स्ट्रिक्ट दाखवतो. त्यानेच लॅग होतो का?

थेट नाही. घरातली सगळी उपकरणं एका पत्त्यामागे ठेवण्याच्या राउटरच्या कामाला नॅट म्हणतात, आणि बाहेरच्या जोडण्या तो कितपत आत येऊ देतो ते नॅट टाइप सांगतो. स्ट्रिक्ट किंवा टाइप ३ असला की खेळाडूंना एकमेकांशी थेट जोडणं अवघड होतं. सामना लवकर मिळत नाही, व्हॉइस चॅट तुटतं, आणि जोडणी दुसऱ्या सर्व्हरवरून वळवावी लागली तर पिंग वाढतो. राउटरमध्ये यूपीएनपी (गेमला लागणारे पोर्ट, म्हणजे राउटरमधली दारं, आपोआप उघडणारी सोय) चालू करा आणि कन्सोल रीस्टार्ट करा. तरी बदललं नाही तर राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल तर इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलं आहे, आणि तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग नाही. कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागा. एकामागे एक असे दोन राउटर असतील तर त्यातला एक ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो डेटा नुसता पुढे पाठवेल.

काउंटर ६० च्या आसपास दाखवतो, तरी दचके का बसतात?

कारण काउंटर सरासरी सांगतो. एका सेकंदात ५५ फ्रेम वेळेवर, म्हणजे प्रत्येकी १६.७ मिलिसेकंदांत आल्या, आणि एकीलाच ८३ मिलिसेकंद लागले, असं धरा. काउंटर ५६ दाखवेल आणि तुम्ही म्हणाल ठीकच आहे. पण त्या एका फ्रेमच्या वेळात पाच फ्रेम यायला हव्या होत्या. नेमका त्याच वेळी विंगर तुमच्या बाजूने निसटत असतो.

म्हणून फ्रेम-टाइमचा आलेख लावा. पीसीवर एमएसआय आफ्टरबर्नर किंवा कॅपफ्रेमएक्स ही साधनं फुकट मिळतात. सपाट रेघ म्हणजे सुख. आलेखावर उभे काटे कधी आणि कुठे येतात यावरून कारण उलगडतं.

काटे पहिल्याच सामन्यात, नवं स्टेडियम किंवा नवा कॅमेरा आला की येतात आणि नंतर येत नाहीत: हे शेडर, म्हणजे चित्र रंगवण्यासाठी ग्राफिक्स चिपला लागणाऱ्या छोट्या सूचना, तयार होण्याचं काम. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट झाला की आधी तयार झालेले शेडर बाद होतात आणि सगळं पुन्हा होतं. मुख्य मेनूत ‘शेडर तयार होत आहेत’ असा संदेश दिसत असेल तर तो पूर्ण होऊ द्या, घाईने सामन्यात शिरू नका. महत्त्वाच्या सामन्याआधी एक ऑफलाइन सामना खेळून घ्या.

काटे रिप्ले किंवा जल्लोषाच्या दृश्यात: काही खेळांत ही दृश्यं ३० फ्रेमवर बांधलेलीच असतात. तो बिघाड नाही.

काटे कुठेही, कधीही: मागे चाललेल्या गोष्टी शोधा. ब्राउझरचे टॅब, स्क्रीन रेकॉर्डिंग, गेमवर एकावर एक चढलेले ओव्हरले (इतर ॲपच्या पट्ट्या), अँटिव्हायरसची तपासणी, कंट्रोलरच्या दिव्यांचे रंग बदलणारी सॉफ्टवेअर. अर्ध्या अर्ध्याने बंद करत गेलात तर दोषी लवकर सापडतो. गेम जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा. रॅमची एकच पट्टी असेल तर तितक्याच क्षमतेची दुसरी लावा. दोन पट्ट्या असल्या की मेमरीच्या दोन वाटा (चॅनल) एकदम चालतात, आणि विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर हा फरक डोळ्यांना दिसतो. लॅपटॉपवर गेम चुकून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालत नाही ना, हेही एकदा बघा.

आणि फ्रेमवर मर्यादा घाला. मशीन ७० ते ११० च्या मध्ये हेलकावत असेल तर तिला ६० वर बांधा. ऐकायला उलटं वाटतं, पण सारख्या अंतराने येणाऱ्या ६० फ्रेम हेलकावणाऱ्या ९० पेक्षा गुळगुळीत दिसतात. मॉनिटरला व्हीआरआर असेल, म्हणजे मॉनिटरचा दर फ्रेमशी जुळवून घेणारी जी-सिंक किंवा फ्रीसिंकसारखी सोय, तर ते चालू करून मर्यादा मॉनिटरच्या दरापेक्षा तीन-चार फ्रेमने खाली ठेवा.

पहिली पंधरा-वीस मिनिटं छान जातात, मग बिघडतं.

उष्णता. चिप तापली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. तापमान आणि प्रोसेसरचा वेग पडद्यावर लावून खेळा. दचके सुरू होताना वेग खाली आलेला दिसला की शंका उरत नाही. पंख्यातली धूळ काढा, लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, त्याचा मागचा भाग थोडा उचला, चार्जर लावून खेळा. फोनचं उलट आहे: चार्जिंगला लावून खेळलात तर बॅटरी आणि चिप दोन्ही एकदम तापतात. आधी चार्ज करा, कव्हर काढा, ब्राइटनेस उतरवा, आणि फ्रेम दर एक पायरी खाली घ्या.

टीव्हीवर खेळताना बटणं जड वाटतात.

टीव्ही चित्र सुंदर करायला थांबतो म्हणून. दोन फ्रेमच्या मध्ये नवी फ्रेम घालणं, कडा धारदार करणं, गोंगाट पुसणं या सगळ्याला वेळ लागतो आणि काही टीव्हींवर हा उशीर १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो. ६० फ्रेमच्या खेळात त्या सहा फ्रेम झाल्या. ‘गेम मोड’ चालू करा, तोही कन्सोल लावलेल्या त्याच एचडीएमआय पोर्टसाठी, कारण अनेक टीव्हींत हे सेटिंग प्रत्येक पोर्टला वेगळं असतं. एएलएलएम ही सोय टीव्ही आणि कन्सोल दोघांत असेल तर गेम मोड आपोआप लागतो. ब्लूटूथ कंट्रोलर संशयास्पद वाटला तर यूएसबी केबलने जोडून एक सामना खेळा.

व्हीपीएन, गेम बूस्टर, डीएनएस बदलणं, यांचा उपयोग होतो?

डीएनएस फक्त नावावरून पत्ता शोधून देतो. सामना सुरू झाला की त्याचं काम संपलेलं असतं. पिंग त्याने बदलत नाही. बूस्टर ॲप बहुतेक करून मागची ॲप बंद करतात, जे तुम्ही स्वतः करू शकता, आणि स्वतःचंच एक ॲप मागे चालू ठेवतात. मी ती वापरत नाही. व्हीपीएन तुमचा डेटा मधल्या दुसऱ्या सर्व्हरवरून वळवतो, म्हणून सहसा वाट लांब करतो. तुमच्या कंपनीचा त्या सर्व्हरकडे जाणारा मार्गच वाकडा असेल, तरच त्याने सुधारणा होते. एखादं दिवस मोजून बघा, आकडा खाली आला नाही तर काढून टाका.

मोबाइल डेटावर किंवा सॅटेलाइट इंटरनेटवर खेळता येईल?

मोबाइल डेटावर खेळता येतं, पण टॉवरवरची गर्दी आणि सिग्नल सतत बदलतात, त्यामुळे जिटर गृहीत धरा. चालत्या गाडीत रँक सामना लावू नका. भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तिथून जाऊन येण्यात पिंग ६०० च्या आसपास जातो आणि वेळेचा खेळ जमत नाही. काहीशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या सेवांवर मात्र बऱ्यापैकी खेळता येतं.

फक्त संध्याकाळी आणि रात्रीच त्रास होतो. कंपनीला फोन केला की ‘राउटर रीस्टार्ट करा’ एवढंच सांगतात.

राउटर रीस्टार्ट केल्याने अडकलेलं काहीतरी सुटतं, कधी वाय-फायचं चॅनल बदलतं, म्हणून एकदा करून बघायला हरकत नाही. पण घरातल्या अपलोडचा दोष नसतानाही रोज संध्याकाळीच बिघडतं म्हणजे बहुधा तुमच्या भागातल्या सामायिक लाइनवर त्या वेळी गर्दी होते, आणि हे तुमच्या घरातून दुरुस्त होणार नाही. नुसतं ‘गेम लॅग होतो’ म्हटलं तर समोरचा माणूस गेमवर ढकलून मोकळा होतो. त्याच्यापुढे आकडे ठेवा.

आठवडाभर दिवसातून तीन वेळा, सकाळी, दुपारी आणि त्रासाच्या वेळी, केबलवरून, घरात दुसरं काही अपलोड-डाउनलोड चालू नसताना, राउटर आणि बाहेरचा पत्ता असे दोन्ही पिंग शंभर-शंभर वेळा घ्या. प्रत्येक वेळचा सरासरी, सर्वात मोठा आकडा आणि किती टक्के पॅकेट हरवली ते तारीख-वेळेसह लिहा. मग तक्रार अशी लिहा: ‘राउटरपर्यंतचा पिंग दिवसभर १ मिलिसेकंदाच्या आत आहे. बाहेरच्या पत्त्याचा पिंग सकाळी सरासरी २२ असतो, रात्री ९ ते ११ मध्ये १४० होतो आणि ४ टक्के पॅकेट हरवतात. सोबत सात दिवसांचा तक्ता जोडला आहे.’ आकडे अर्थातच तुमचे घाला. तक्रार क्रमांक मागून घ्या, आणि पुढच्या प्रत्येक फोनला तोच क्रमांक सांगून तक्रार वरच्या स्तरावरच्या तांत्रिक विभागाकडे द्यायला सांगा.